पीएस ६ साठी थांबू की आत्ताच पीएस ५ घेऊ? : गुहागरहून आलेल्या प्रश्नाला माझं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा येत्या जूनमध्ये सातवीत जाईल, आंब्याचे पैसे हातात आले की प्लेस्टेशन (पीएस, म्हणजे सोनीचा गेम खेळायचा कन्सोल) घेऊन देईन असं तुम्ही त्याला कबूल केलंय. आणि मुंबईच्या भावाने फोनवर सांगितलं, "आता घेऊ नकोस, पीएस ६ यायलाच आलाय." म्हणून विचारताय की थांबावं का, आणि थांबलो तर किती दिवस.

थांबू नका. पण भावाला पटवायचं तर कारणं लागतील, म्हणून सविस्तर लिहितो. मी हर्णैचा. दापोलीत दुरुस्तीचं दुकान आहे, पीएस २ पासूनचे कन्सोल माझ्या टेबलावर उघडले गेलेत.

तुम्ही बागायतदार, तेव्हा बागेतलंच उदाहरण देतो. पाऊस लांबला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात कलमं मोहोराऐवजी पालवी टाकतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, झाड काय भरलंय! तुम्ही मात्र जवळ जाऊन फांदीचं टोक बघता. यूट्यूबवर रोज एक "पीएस ६ ची तारीख फुटली" असा व्हिडिओ येतो ना, ती सगळी पालवी. मोहोर म्हणजे कंपनीने स्वतः बोललेलं. आणि मोहोर दिसल्यावरही फळ काढणीला यायला चार महिने जातात, हे तुम्हाला मी काय सांगणार.

कन्सोलचा मोहोर किती आधी दिसतो, याचा हिशोब आपल्याकडे आहे. पीएस ४ सोनीने २० फेब्रुवारी २०१३ ला जाहीर केला आणि १५ नोव्हेंबर २०१३ ला अमेरिकेत विकायला काढला, म्हणजे नऊ महिने. पीएस ५ चं तर आणखी आधीपासून चाललं होतं. त्याचा मुख्य रचनाकार मार्क सर्नी एप्रिल २०१९ मध्येच आतल्या चिपविषयी आणि एसएसडीविषयी (गेम साठवायचा वेगवान भाग) मुलाखत देऊन मोकळा झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने नाव सांगितलं आणि २०२० च्या अखेरीस येईल म्हणून सांगितलं. तो १२ नोव्हेंबर २०२० ला आला. निन्टेन्डो या दुसऱ्या कंपनीच्या अध्यक्षांनी मे २०२४ मध्ये एवढंच सांगितलं की त्यांच्या स्विच या कन्सोलच्या पुढच्या यंत्राची घोषणा या आर्थिक वर्षात करू. मग १६ जानेवारी २०२५ ला ते दाखवलं, आणि ५ जून २०२५ ला स्विच २ दुकानात आला. दाखवल्यापासून पाच महिनेही नाहीत, पण पहिल्या शब्दापासून धरलं तर तेरा महिने. अचानक उद्या सकाळी पीएस ६ दुकानात, असं होत नाही. ज्या दिवशी सोनी नाव आणि हंगाम सांगेल त्या दिवसापासूनही तुमच्याकडे निदान अर्धं वर्ष असेल.

एकदा सांगितलेला हंगाम ते सहसा पाळतात, हे मी फार वाईट दिवसांत पाहिलं आहे. पीएस ५ पहिल्यांदा दाखवायचा कार्यक्रम ४ जून २०२० ला ठरला होता. ३ जूनला आमच्या अंगावर निसर्ग चक्रीवादळ आलं. अमेरिकेत आंदोलनं पेटली होती म्हणून सोनीने कार्यक्रम ११ जूनला ढकलला, आपल्याकडे तेव्हा १२ तारखेची रात्र, दीड वाजलेला. त्या रात्री आमच्या घरावर कौलं नव्हती, ताडपत्री होती. मागच्या बागेत पोफळी एकीवर एक आडव्या पडल्या होत्या. लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही. पुढे कधीतरी एकाच्या जनरेटरवर पंधरा-वीस मोबाईल ओळीने चार्जिंगला लावलेले असताना माझा फोन चालू झाला आणि खेडच्या मित्राने पाठवलेला एक फोटो उघडला: पांढऱ्या दोन पाकळ्यांमध्ये काळं काहीतरी. तडकलेल्या काचेवर तो पीएस ५ मी पहिल्यांदा पाहिला. सगळं जग बंद पडलेलं असताना हा काही वर्षअखेरीला येत नाही, असं मला त्या क्षणी वाटलं होतं. तो आला. म्हणून सोनी बोलली की विश्वास ठेवायचा, आणि बोलली नाही तोवर काही धरायचं नाही.

आता पीएस ६ बद्दल सोनी काय बोलली आहे? हे लिहितोय तोवर ना तारीख, ना किंमत. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्नी आणि एएमडीचे जॅक ह्युन यांनी मिळून एक व्हिडिओ काढला. एएमडी म्हणजे पीएस ४ पासून प्लेस्टेशनची चिप देणारी कंपनी. त्यात पुढच्या चिपमधल्या तीन नव्या गोष्टी सांगितल्या. माझ्या दृष्टीने महत्त्वाची वाक्यं दोनच. हे तंत्रज्ञान अजून फक्त सिम्युलेशनमध्ये आहे, हे एक. आणि पुढच्या कन्सोलमध्ये "काही वर्षांत" ते आणायची उत्सुकता आहे, हे दुसरं. सिम्युलेशनमध्ये म्हणजे चिप कॉम्प्युटरवर चालवून बघताहेत, हातात धरता येईल असा सिलिकॉनचा तुकडा नाही. तिथून आराखडा पक्का करायचा, नमुना चिप काढायची, तिच्यातल्या चुका सुधारायच्या, गेम बनवणाऱ्यांना विकासासाठीचे संच द्यायचे, मग कारखान्यात लाखोंनी काढायची. या कामाला वर्षं लागतात, महिने नाहीत.

जुन्या तारखांवरूनही अंदाज बांधता येतो. पहिला प्लेस्टेशन जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ ला आला, दुसरा ४ मार्च २००० ला, तिसरा ११ नोव्हेंबर २००६ ला, चौथा अमेरिकेत नोव्हेंबर २०१३, पाचवा नोव्हेंबर २०२०. शेवटच्या दोन खेपांना सात-सात वर्षं. तुमचा भाऊ याच हिशोबाने २०२७ म्हणत असेल, आणि तो हिशोब चुकीचा नाही. पण मध्येच निघणाऱ्या, जास्त ताकदीच्या 'प्रो' मॉडेलकडेही बघा. पीएस ४ प्रो नोव्हेंबर २०१६ मध्ये आला आणि त्यानंतर बरोबर चार वर्षांनी पीएस ५. पीएस ५ प्रो आलाय ७ नोव्हेंबर २०२४ ला. त्यात चार मिळवा. शिवाय २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टची जी अंतर्गत कागदपत्रं खटल्यातून बाहेर आली, त्यांत त्यांच्या पुढच्या कन्सोलसाठी, म्हणजे एक्सबॉक्ससाठी, २०२८ हेच साल होतं. योजना बदलतात हे खरं, पण दोघांच्या चिपा एकाच एएमडीकडून येतात, त्यामुळे दोघांची पावलं फार मागेपुढे पडत नाहीत.

यात २०२५ च्या अखेरीस रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, टंचाईची भर पडली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा इतक्या उचलल्या की भाव भडकले. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. माझ्या दुकानात लॅपटॉपची रॅम वाढवायला येणारं गिऱ्हाईक भाव ऐकून परत जातं. पीएस ५ मध्ये १६ जीबी मेमरी आहे, पुढच्यात त्याहून कमी असणार नाही. मेमरी महाग असताना नवा कन्सोल काढायचा तर एकतर किंमत अवाच्या सवा ठेवायची, नाहीतर प्रत्येक नगामागे तोटा सोसायचा. कुठलीही कंपनी अशा वेळी थोडं थांबणंच पसंत करेल.

तेव्हा माझा कौल: नोव्हेंबर २०२७ च्या आधी मुळीच नाही, आणि पैज लावायची तर नोव्हेंबर २०२८.

पण ही झाली अमेरिका-जपानची तारीख. तुम्हाला हवी आहे गुहागरची, आणि भावाने खरं तर हेच धरायला हवं होतं. पीएस ४ भारतात ६ जानेवारी २०१४ ला आला, बाहेरच्यापेक्षा दीड-पावणेदोन महिने उशिरा. पीएस ५ आला २ फेब्रुवारी २०२१ ला, जवळजवळ तीन महिने उशिरा. एक्सबॉक्स वन तर अमेरिकेनंतर दहा महिन्यांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये. पीएस ५ प्रो बाहेर आला तेव्हा भारताला वगळलंच, कारण त्यातलं वाय-फाय ७ ज्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं त्याला तेव्हा आपल्याकडे परवानगी नव्हती. निन्टेन्डो तर अधिकृतपणे इथे विकतच नाही, स्विच दिसतो तो कुणीतरी बाहेरून आणलेला.

आणि भारतात आला म्हणजे आपल्याकडे आला असंही नाही. जानेवारी २०२१ मध्ये पीएस ५ चं बुकिंग उघडलं तेव्हा मी मोबाईल आणि लॅपटॉप दोन्ही घेऊन बसलो होतो. एका साइटवर नग संपले. दुसऱ्या साइटवर मिळाला, पैसे गेले, आणि तीन दिवसांनी ऑर्डर रद्द: आमच्या पिनकोडला माल पोचवत नाहीत म्हणे. हे आधी सांगता आलं नसतं का? पैसे परत यायला दोन आठवडे गेले. पुढे दीड वर्ष चाकरमानी गणपतीला येताना माझ्याकडे चौकशी करत आणि मी नाही म्हणत असे. माझ्या टेबलावर पहिला पीएस ५ आला तो ऑगस्ट २०२२ मध्ये, तोही मुंबईहून पाहुण्याच्या गाडीतून.

तोच हिशोब पुढे लावा. नोव्हेंबर २०२८ ला बाहेर, २०२९ च्या सुरुवातीला भारतात, आणि आपल्याकडे धावपळ न करता मिळायला २०२९ चा गणपती. तेव्हा तुमचा मुलगा दहावीत असेल. आज सातवीतल्या पोराला कबूल केलेली वस्तू दहावीच्या वर्षात हातात द्यायची का, हे तुम्हीच ठरवा.

"थांबलं की स्वस्त होईल" हाही हिशोब आता चालत नाही. पूर्वी चालायचा. पीएस २ अमेरिकेत २९९ डॉलरला निघाला आणि शेवटी ९९ ला आला. पीएस ५ भारतात ४९,९९० ला आला, नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये ५० डॉलर वाढवले. सणासुदीला सोनी काही हजारांची सूट देते, तेवढी मात्र बघून घ्या.

आज घेतलेला वाया जाईल ही भीतीही सोडा. पीएस ३ ची चिप जगावेगळी होती, म्हणून तिचे गेम पीएस ४ वर चालले नाहीत. पीएस ४ पासून रचना एकाच घराण्यातली आहे, पीएस ४ चे जवळजवळ सगळे गेम पीएस ५ वर चालतात, आणि एएमडीच पुढे असताना पीएस ६ मध्ये हे तुटेल असं मला वाटत नाही. जुन्या कन्सोलवर नवे गेम यायचेही लगेच थांबत नाहीत. पीएस ५ येऊन दोन वर्षं झाली तरी २०२२ चा 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' पीएस ४ वरही आला होता. मुलगा जीटीए ६ या गेमचं नाव काढत असेल तर तो पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच जाहीर झालाय. मात्र ही मालिका मोठ्यांसाठी आहे, सातवीतल्या मुलासाठी नाही, हे आधीच बोलून ठेवा. सुरुवातीला 'अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम' हा गेम पुरेल, तो प्रत्येक पीएस ५ मध्ये फुकट भरलेलाच असतो.

डिस्कवाला मॉडेल घ्या, डिजिटल (बिनडिस्कचा) नको. आपल्याकडच्या नेटवर शंभर जीबीचा गेम उतरवायचा म्हणजे दोन-तीन रात्री जातात, आणि मध्येच केबल तुटली की बसा. डिस्क असली तर मित्राशी अदलाबदल होते, जुना गेम विकताही येतो.

आता माझ्या धंद्यातलं. गेल्या वर्षी हर्णै बंदराजवळच्या एका घरातला पीएस ४ माझ्याकडे आला, तक्रार एवढीच की आवाज करतो आणि बंद पडतो. उघडला तर पंख्याच्या पात्यांवर धूळ नव्हती, राखाडी लगदा होता, बोटाला चिकट. जिभेला लावला असता तर खारट लागला असता. एचडीएमआयच्या पोर्टला हिरवट थर, आणि मागचा एक स्क्रू फिरवायला गेलो तर त्याचं डोकं पेचकसाबरोबरच निघून आलं. कन्सोल तीन वर्षं समुद्राकडच्या खिडकीत ठेवलेला. तुमचंही घर किनाऱ्याला असेल तर खिडकीपासून लांब, जमिनीपासून हातभर वर, आडवा ठेवा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात टाकू नका, आत घाम धरतो. उलट रोज अर्धा तास चालू ठेवा, त्याची स्वतःची ऊबच त्याला कोरडं ठेवते.

लाईटचं म्हणाल तर खेळताना तो साधारण २०० वॅट घेतो, घरचा चांगला इन्व्हर्टर सांभाळून घेईल. अर्थिंग आधी तपासून घ्या. रेस्ट मोड मात्र बंदच ठेवा. रात्री लाईट जाते-येते, कन्सोल अर्धवट झोपेत असतो, सकाळी स्टोरेज तपासायला बसतो, आणि एखाद दिवशी सेव्ह केलेलं सगळं जातं. तसं झालेलं पोर माझ्या दुकानात रडलंय.

वॉरंटीच्या वर्षात कुणाला उघडू देऊ नका, मलासुद्धा नाही. पीएस ५ च्या चिपवर उष्णता ओढून घ्यायला लिक्विड मेटल (पातळ धातू) असतं, ते सांडलं की बोर्ड गेला. वर्ष झाल्यावर पावसाळ्याच्या आधी घेऊन या, बाहेरची पाकळी काढून पंखा साफ करून देतो.

टीव्ही कुठला आहे, फोर-के आहे का आणि एचडीएमआयची किती पोर्टं आहेत, ते कळवा. मग कुठली केबल लागेल ते सांगतो.