बीटी कापूस, टिश्यू कल्चर केळी आणि जीवाणूचे जनुक: शंका व सल्ला

चोपडा-शिरपूर भागातील काही शेतकऱ्यांनी विचारले आहे की, बीटी कापसात जीवाणूचे जनुक असल्यामुळेच झाड लवकर थकते आणि पाने लाल पडतात का. तर रावेर-यावलच्या केळी बागायतदारांना टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपेही अशाच जनुकावर वाढवली जातात, अशी शंका आहे. दोन्ही शंकांचे उत्तर नकारार्थी आहे.

वाढीवर थेट हुकूमत चालवणारी जनुके वेगळ्याच जीवाणूंत असतात. जमिनीत राहणारा ॲग्रोबॅक्टेरियम ट्युमेफेसियन्स हा जीवाणू जखमेतून झाडात शिरतो आणि आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. त्या तुकड्यातील जनुके ऑक्झिन व सायटोकायनिन ही संजीवके (झाडाची वाढ ठरवणारी द्रव्ये) बेसुमार तयार करवतात, त्यामुळे गुलाब किंवा द्राक्षाच्या खोडावर जमिनीलगत गाठ येते. सायटोकायनिन वरचढ झाले तर कोंब फुटतात, ऑक्झिन वरचढ झाले तर मुळे. याच्याच जातभाई ऱ्हायझोजेनेस जीवाणूतील ‘रोल’ जनुकांमुळे जखमेतून केसाळ मुळांचा झुपका निघतो, आणि अशा मुळांपासून वाढवलेले झाड बहुधा ठेंगणे, आखूड पेऱ्यांचे व सुरकुतलेल्या पानांचे होते.

शास्त्रज्ञांनी या जीवाणूतील गाठ आणणारी जनुके काढून टाकली आणि हवे ते जनुक पिकात घालण्यासाठी त्याची फक्त वाहून नेण्याची शक्ती वापरली. बीटी कापसातील क्राय जनुक बॅसिलस थुरिंजिएन्सिसचे असून ते बोंडअळीला मारक प्रथिन तयार करते, संजीवकांशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडील बहुतेक वाण प्रयोगशाळेत पेशींपासून सहजासहजी पूर्ण झाड देत नाहीत, म्हणून हे जनुक आधी पुनर्निर्मितीला सोप्या अशा कोकर ३१२ या अमेरिकी वाणात घालून नंतर संकराने इतर वाणांत आणले गेले.

मग झाड थकते कशाने? अळी आटोक्यात राहिल्याने सुरुवातीच्या कैऱ्या (कच्ची बोंडे) टिकतात आणि एकाच वेळी सगळ्या पोसायला लागल्याने पानांतील अन्न तिकडे ओढले जाते. पान हातात घेऊन पाहावे: शिरा हिरव्या आणि मधला भाग लालसर असेल तर ती बहुधा मॅग्नेशियमची कमतरता असते, त्यासाठी १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट मिसळून फवारावे. नत्राचे हप्ते चुकवू नयेत आणि वाफसा (जमिनीतील बेताचा ओलावा) सांभाळावा. गुलाबी बोंडअळी आता बीटीच्या प्रथिनाला दाद देत नाही, तेव्हा फरदड घेऊ नये, म्हणजे वेचणी संपल्यावर तेच पीक पुढे राखू नये.

केळीचे म्हणाल तर ग्रँड नैन या वाणाची रोपे कोंबाच्या टोकापासून पोषक माध्यमातील संजीवकांवर वाढवतात; त्यात परके जनुक घातलेले नसते. क्वचित एखादे रोप ठेंगणे किंवा वेड्यावाकड्या पानांचे निघते, ते वारंवार उपसंवर्धन केल्याने (वाढलेले कोंब तोडून पुन्हा नव्या माध्यमात लावल्याने) होणाऱ्या बदलामुळे. अशी रोपे लागवडीपूर्वीच निवडून बाजूला काढावीत व रोपवाटिकेकडून बदलून घ्यावीत.