रोल-बारला भोक पाडण्याआधी

प्रश्न: ट्रॅक्टरवर उन्हापासून आडोसा म्हणून छत बसवायचंय. फॅब्रिकेटर म्हणतो, रोल-बारला (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणाऱ्या पाइपच्या चौकटीला) दोन भोकं पाडू, एक पट्टी वेल्ड करू. एवढ्या जाड पाइपला काय होणार?

उत्तर: जाडीवर जाऊ नका. ट्रॅक्टर उलटला की रोल-बार थोडा वाकतो, वाकता वाकता धक्का पचवतो आणि चालकाभोवतीची जागा शाबूत ठेवतो. तो किती वाकेल, हे त्याच्यावर भार टाकून तपासलेलं असतं. भोक पाडलं की ताण भोकाच्या कडेला गोळा होतो. वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात. तो भाग वाकायच्या ऐवजी तडकू शकतो. वरून रंगाचा हात फिरला की दिसतही काही नाही. त्या मॉडेलसाठी कंपनीनेच दिलेलं छत घ्या. फॅब्रिकेटरकडून फाटक करून घ्या, त्याला माझी हरकत नाही.

प्रश्न: ट्रॅक्टर एकदा कलंडला होता. बार जरा वाकला, तो जॅक लावून सरळ केला. चालेल ना?

उत्तर: नाही. त्याचं काम एकदाच करायचं होतं, ते झालं. बार बदला, सोबत बोल्टही. बोल्टच्या डोक्यावर त्याच्या मजबुतीचा 8.8 किंवा 10.9 असा आकडा असतो. पुस्तिकेत जो सांगितलाय तोच हवा. माप जुळतं म्हणून डब्यातला कुठलाही बोल्ट ठोकू नका.

प्रश्न: शेडमध्ये अडतो म्हणून घडीचा बार कायम आडवाच असतो. बेल्ट लावावा का?

उत्तर: आडवा असताना लावू नका, ट्रॅक्टर उलटला तर त्याच्याखाली बांधलेले राहाल. उभा असताना मात्र लावाच. शेडमधून बाहेर पडलात की बार उभा करा. असे बार मी पाहतो तेव्हा पिना हमखास गंजून बसलेल्या असतात, म्हणजे वर्षभर कोणी हात लावलेला नाही. मागे उलटायला ट्रॅक्टरला दीडेक सेकंद पुरतो. उडी मारू म्हणणाऱ्यांनी तेवढ्यात सीटवरून नुसतं उठून दाखवावं.

प्रश्न: असा बदल केलेला ट्रॅक्टर भाड्याने दिला आणि अपघात झाला, तर जबाबदार कोण?

उत्तर: कायदा देशागणिक वेगळा, पण पहिला प्रश्न सगळीकडे तोच: कारखान्यातून निघालेल्या वस्तूत कोणी हात घातला? बदलामुळे इजा झाली असं दिसलं तर कंपनी सहज हात वर करू शकते. मग बोट मालकाकडे वळतं, आणि वेल्डिंग करणाऱ्याकडेही. विमा कंपनीही दावा अडवू शकते. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं लिहून घेतलेला कागद दरवेळी वाचवत नाही, विशेषतः चालवणारा तुमचा पगारी माणूस असेल तर. विकतानाही बदल लपवू नका. पॉलिसी वकिलाला दाखवा. पण त्याआधी मूळ बार परत बसवा.

प्रश्न: ग्रीस मारायला अडतं म्हणून पीटीओ शाफ्टचं (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याचं) गार्ड काढलंय.

उत्तर: शाफ्टचे मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला 9. सैल बाही अडकली तर हात ओढायलाही वेळ नाही. आजच बसवा. इंजिन बंद करून, किल्ली खिशात ठेवून गार्ड हाताने फिरवून बघा. शाफ्टवर मोकळं फिरलं तर ठीक. अडकत असेल तर बेअरिंग गेलंय. गार्डची साखळीही अडकवायला विसरू नका.