कथा की लेख, असं विचारलंस म्हणून

हरिपूर, सांगली

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी अकरा पानं मिळाली, रात्री दोनदा वाचली. पुराचं पाणी उतरल्यावर आजी ओल्या भिंतींवरून हात फिरवत स्वयंपाकघर शोधते, तिथं मला थांबावं लागलं. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंस, "काका, ही कथा आहे की लेख?" उत्तर द्यायला चार दिवस लावले, कारण हा प्रश्न तुला पुढची सगळी वर्षं पडणार आहे.

आधी एक सांग. छपरावर अडकलेला तो कुत्रा खरंच होता का? २०१९च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, हे तू लिहिलंस ते खरं. गल्ली खरी, आजी खरी. कुत्राही खरा असेल तर हा लेख आहे. तो तू रचला असशील तर एक तर कुत्रा काढ, नाहीतर सगळ्याची कथा कर. लेख म्हणून देताना तू वाचकाला शब्द देतेस की हे घडलं आहे. भाषा कितीही लालित्याची असो, तो शब्द मोडायचा नाही.

हे मी का सांगतो, तर मी तो मोडला होता. तिशीत असताना एका साप्ताहिकासाठी मी हळदीच्या पेवांवर लिहिलं. आमच्या हरिपुरात जमिनीत खोल खणलेली ही कोठारं. हळद त्यात वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आत श्वासापुरती हवा नसायची. आयुष्यभर पेवात उतरलेल्या एका म्हाताऱ्या हमालाशी मी दोन दुपारी बोललो. माणूस मितभाषी. लेख कोरडा होतोय असं वाटलं, म्हणून मी त्यांच्या तोंडी एक वाक्य घातलं : "पेवात उतरलं की आईच्या पोटात गेल्यागत वाटतं." लोकांनी त्याच वाक्याचं कौतुक केलं. आठवड्याभरानं त्यांची लेक घरी आली. दारातच उभी राहून म्हणाली, "आप्पा असं कधी बोललं न्हाईत. आप्पांना पेवाची भ्या वाटायची. रोज वाटायची." मी त्यांना बोलतं केलं नव्हतं, त्यांची भीती पुसून टाकली होती. खरा लेख त्या भीतीत होता आणि मी तिथवर पोचलोच नव्हतो. तेच वाक्य कथेतल्या एखाद्या पात्राला शोभलं असतं, कारण ते पात्र माझं असतं. आप्पा माझे नव्हते.

आता कथेची बाजू. पाणी चढतं त्याच सकाळी मामा पुण्याहून अचानक येऊन पोचतो, असं तू लिहिलंस. लेखात हे चालेल, घडलंय ना. कथेत मात्र वाचक म्हणेल, सोयीनं आणला. तिथं "पण हे खरंच झालं होतं" ही सबब कामाची नाही. मामा येणार याची चाहूल तुला आधी कुठंतरी पेरावी लागेल. रचलेल्या गोष्टीला खऱ्यापेक्षा जास्त कारणं लागतात.

आपल्याच भागातली पुस्तकं या नजरेनं वाच. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ची, ती व्यक्तिचित्रं. 'बनगरवाडी' १९५५ची, ती कादंबरी. मुलूख तोच, दुष्काळ तोच. पण कादंबरीत 'मी' म्हणणारा तरुण मास्तर हे पात्र आहे, आणि एकेका माणसापेक्षा अख्खी वाडीच उभी राहते आणि शेवटी उठून जाते. दोन्ही पाठोपाठ वाच, फरक मी सांगण्यापेक्षा चांगला कळेल. वाटेगावच्या अण्णा भाऊंची 'फकिरा' खऱ्या माणसावर उभी आहे, तरी ती कादंबरीच. त्यातले संवाद पुरावा म्हणून कुणी मागत नाही. तेच अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले आणि प्रवासवर्णन लिहिलं, तिथं मात्र पाहिलं तेच सांगण्याची जबाबदारी आली. आणि यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र. आत्मचरित्रात आठवण चुकू शकते, तेवढी सूट वाचक देतो. मुद्दाम रचण्याची देत नाही. बाकी विज्ञानकथा, रहस्यकथा, भयकथा यांची नावं पाठ करत बसू नकोस. ती वाचता वाचता आपोआप ओळखीची होतात.

ललित लेखाबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. ललित म्हणजे थोडं खरं, थोडं खोटं असं हल्ली बरेच जण धरून चालतात. तसं नाही. ललितात मन मोकळं फिरतं, आठवणीतून आठवण निघते, पण पायाखालची जमीन खरीच असते. तुझी पानं मला त्याच जातीची वाटतात. आजीच्या त्या हातात इतकं आहे की तिला कुत्र्याची गरज नाही.

तरी ठरव तूच. आजींना एकदा वाचून दाखव, त्या कुठं अडवतात तिथं पेन्सिलीनं खूण कर. ती पानं घेऊन रविवारी ये. आणि येण्याआधी कुत्र्याचं काय ते कळव.

तुझा,
काका