सगळी अकाउंट्स उडवण्याआधी थोडं थांब

तू लिहिलंयस त्याचा सारांश असा की दिवसाला पाच-सहा तास रील्स, रात्री दोनपर्यंत जागरण, बघून झालं की रिकामं रिकामं वाटतं, बरोबरीचे सगळे पुढे गेले आणि आपणच मागे राहिलो असं डोक्यात फिरत राहतं, इन्स्टा काढून परत टाकून झालं. आणि प्रश्न दोन, याच्यामुळेच मला डिप्रेशन आलंय का, आणि सगळं डिलीट करू का.

पहिल्याचं उत्तर नुसतं वाचून कोणी देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. मूड गेलेला असतो म्हणून माणूस फोन उचलतो, फोनमुळे मूड अजून जातो, मग परत फोन. यातलं आधी काय सुरू झालं हे बऱ्याचदा ज्याचं त्यालाही सांगता येत नाही. संशोधनातही हाच घोळ आहे. २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल (म्हणजे सरकारचे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख डॉक्टर) विवेक मूर्ती यांनी इशारा दिला की रोज ३ तासांपेक्षा जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्या मुलांमध्ये डिप्रेशन-अँक्झायटीची लक्षणं असण्याचा धोका दुप्पट. ऐकून धडकी भरते. पण २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की या दोघा संशोधकांनी साडेतीन लाखांहून जास्त मुलांचा डेटा चाळला, तर मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के डिजिटल वापराशी जोडता आला. दोन्ही खरं कसं? एक म्हणजे दोन्हीकडे फक्त संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. आणि दुसरं, माझ्या मते जास्त महत्त्वाचं, सरासरी काढली की ज्याला खरंच त्रास होतोय आणि ज्याला त्याच अ‍ॅपमुळे मित्र मिळालेत ते दोघं एकमेकांत मिसळून जातात. सरासरी माणसाचं काय होतं याच्याशी तुला काय करायचंय, तुझं काय होतंय ते बघ.

म्हणून माझं म्हणणं, तासांचा आकडा सोड. कुठलं अ‍ॅप, कधी आणि कुठल्या मूडमध्ये उघडलं आणि बंद केल्यावर कसं वाटलं, एवढंच आठवडाभर लिही. अगदी दोन-दोन शब्दांत. याला आधार आहे. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला, अर्ध्यांना फेसबुक, इन्स्टा, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला १० मिनिटंच, बाकीच्यांना नेहमीसारखं, तीन आठवडे. कमी वापरणाऱ्यांचा एकटेपणा आणि डिप्रेशनची लक्षणं कमी झाली, हे सगळे सांगतात. जे कोणी सांगत नाही ते असं की अँक्झायटी आणि 'आपलं काहीतरी सुटतंय' ही भीती दोन्ही गटांत कमी झाली, म्हणजे ज्यांनी काहीच सोडलं नव्हतं त्यांचीसुद्धा. संशोधकांचा अंदाज, स्वतःच्या वापरावर नजर ठेवल्यानेच फरक पडला असावा.

लिहायला लागलास की बहुतेक एक गोष्ट दिसेल, मित्राशी चॅट करून झाल्यावर तू ठीक असतोस आणि अनोळखी लोकांचे रील्स तासभर बघितल्यावर नसतोस. (उलटं दिसलं तर अजून उत्तम, तुला तुझ्याबद्दल नवीन काहीतरी कळलं.) तुलना करणं हा माणसाचा जुना स्वभाव आहे, लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच त्यावर थिअरी मांडली होती. फरक एवढाच की तेव्हा तुलनेला शंभरेक ओळखीचे होते आणि त्यांची भांडणं, आजारपणं, कर्जंही माहीत असायची, आता हजारो आहेत आणि सगळ्यांचे फक्त निवडक क्षण दिसतात.

आणि स्वतःला 'माझ्यात विलपॉवरच नाही' म्हणून झोडपणं बंद कर प्लीज. तळ न लागणारं फीड २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने बनवलं आणि नंतर त्याचा पश्चात्तापही जाहीरपणे बोलून दाखवला. पान संपलं की माणूस थांबून विचार करतो, इथे पानच संपत नाही. वर मध्येच एखादी भारी रील, मग दहा फालतू, मग परत एक भारी, हे जे अनियमित बक्षीस आहे ते सवय सर्वात घट्ट करतं. डोपामाइन डिटॉक्स (काही दिवस सगळी मजा बंद ठेवायची म्हणजे मेंदू ताळ्यावर येतो, ही कल्पना) वगैरे सोड, मेंदूतलं डोपामाइन हे रसायन असं उपवास करून धुऊन निघत नाही.

आता करायचं काय तर पहिली झोप. बाकी काही जमलं नाही तरी चालेल. तुझ्या सगळ्या वर्णनात मला सर्वात जास्त खटकलं ते रात्री दोन, कारण रोज अपुरी झोप घेतलेल्या कोणालाही जग उदासच दिसतं, इन्स्टा असो नसो. मी फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावतो आणि साधं गजराचं घड्याळ घेतलंय, 'अलार्मसाठी फोन उशाशी लागतो' ही पळवाट त्याने बंद झाली. नोटिफिकेशन माणसांचे ठेव, अ‍ॅपचे बंद कर. रील्सचं अ‍ॅप फोनवरून काढ, पण अकाउंट राहू दे, लागलंच तर ब्राउझरमधून लॉगिन करून बघ, तो कंटाळवाणा अडथळाच कामाचा आहे.

पूर्ण डिलीट करायचंच असेल तर कर, पण अपेक्षा बेताची ठेव. २०१८ मध्येच अमेरिकेत लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं, त्यांचा दिवसाला साधारण तासभर वाचला, बरं वाटलं पण थोडंसंच, आणि बातम्यांची माहिती कमी झाली. त्या तासात काय करणार हे आधी ठरवलेलं नसेल तर तू परत इन्स्टावरच येशील, आधीही तेच झालं असणार.

आणि हे सगळं बाजूला ठेवून, उदासी जर दोन आठवड्यांपेक्षा जास्त जवळजवळ रोज असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर अ‍ॅपशी खेळत बसू नकोस, डॉक्टरकडे किंवा काउन्सेलरकडे जा. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच जा, आणि घरच्या किंवा जवळच्या कोणाला तरी सांगून. जाताना ती आठवड्याची नोंद सोबत ने, झोपेच्या वेळाही त्यात लिही, ते तसंही पहिल्यांदा झोपेबद्दलच विचारतील.