मुदत संपलेली क्रिप्टो पेमेंट लिंक एपीआयने नवी करताना

तुमची अडचण मला कळली ती अशी: बाणेरमध्ये बसून तुम्ही परदेशी गिऱ्हाइकांना प्लगइन विकता, पैसे घ्यायला बीटीसीपे सर्व्हर (बिटकॉइन घेण्याचं, स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर) बसवलाय, त्याची लिंक पंधरा मिनिटांत मरते आणि समोरचा मेल उघडतो तेव्हा पुण्यात मध्यरात्र असते. म्हणून दर पंधरा मिनिटांनी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) चालवून प्रत्येक थकीत ऑर्डरची नवी लिंक काढणारं, एपीआयने (प्रोग्रामने थेट सर्व्हरशी बोलायची सोय) चालणारं टूल लिहिताय.

टूल जरूर लिहा, पण क्रॉन नको. हेच करून मी तोंड पोळून घेतलंय.

आधी मुदत कशाला असते ते बघू. प्रत्येक लिंकमागे एक इनव्हॉइस, म्हणजे बिल असतं. त्यात तीन गोष्टी असतात: डॉलरमधली रक्कम, त्या क्षणाचा दर आणि पैसे यायचा पत्ता. मुदत फक्त दराला असते. रविवार पेठेतल्या सराफाने सकाळी सांगितलेला भाव संध्याकाळी मागितला तर तो हसेल, तसंच हे. पत्त्याला मात्र मुदत नाही. तुमच्या पानावर ‘एक्सपायर्ड’ लिहून आलं तरी बिटकॉइनच्या साखळीला (ब्लॉकचेनला) त्याची खबरही नसते. त्या पत्त्यावर उद्या, परवा, पुढच्या वर्षीही पैसे येऊ शकतात. लायटनिंगचं, म्हणजे साखळीच्या वर चालणाऱ्या झटपट पेमेंटच्या जाळ्याचं, वेगळं आहे. तिथे मुदत इनव्हॉइसमध्येच लिहिलेली असते (लिहिली नसेल तर 3600 सेकंद धरतात) आणि ती उलटली की वॉलेटच पैसे पाठवायला नकार देतं. साखळीवरच्या पेमेंटला तसा अटकाव नाही, त्यामुळे ‘नवी लिंक दिली, जुनी रद्द झाली’ हे गृहीतच चुकीचं.

आता माझी फजिती. दर पंधरा मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला 96 इनव्हॉइस, तेही एकाच ऑर्डरचे, आणि साखळीवरच्या प्रत्येक इनव्हॉइसला नवा पत्ता. चार-पाच दिवसांनी नव्या लॅपटॉपवर सीडवरून (वॉलेट परत मिळवायच्या गुप्त शब्दांवरून) वॉलेट उभं केलं तर शिल्लक निम्म्याहून कमी! घाम फुटला. पैसे कुठे गेले नव्हते. वॉलेट पत्ते ओळीने तपासतं आणि सलग 20 कोरे पत्ते दिसले की पुढे काही नसणार असं समजून थांबतं. याला गॅप लिमिट म्हणतात. आमच्या क्रॉनने मधे शेकड्यांनी कोरे पत्ते पेरून ठेवले होते आणि खरी पेमेंट त्यांच्या पलीकडे बसली होती. गॅप लिमिट हजारांच्या घरात नेलं, सगळं दिसलं. पण तो अर्धा तास वैऱ्यावरही येऊ नये.

म्हणून गिऱ्हाइकाला इनव्हॉइसची लिंक पाठवूच नका. तुमच्या ऑर्डरची कायमची लिंक पाठवा. ती उघडली की रक्कम आणि ‘पैसे भरा’ हे बटण, एवढंच. बटण दाबलं की टूलने पोस्ट विनंती (सर्व्हरला काही करायला सांगणारी) घ्यावी, त्या ऑर्डरची ओळ डेटाबेसमध्ये लॉक करावी आणि चालू इनव्हॉइसला पाच मिनिटांहून जास्त वेळ उरला असेल तर तोच परत द्यावा. नसेल तर आजच्या दराने नवा काढावा. लॉक विसरलात तर दोन टॅबमध्ये बटण दाबणारा माणूस दोन इनव्हॉइस घेऊन बसेल. आणि नुसतं पान उघडल्यावर, म्हणजे गेट विनंतीवर, इनव्हॉइस काढू नका. व्हॉट्सअॅपवर लिंक टाकली की प्रिव्ह्यूसाठी ती उघडली जाते, ऑफिसच्या मेलमधले सुरक्षा स्कॅनरही उघडून बघतात. माणूस यायच्या आधीच पंधरा मिनिटं सुरू!

जुने इनव्हॉइस ऑर्डरपासून तोडू नका. एका ऑर्डरला अनेक इनव्हॉइस, असाच तक्ता ठेवा. बीटीसीपे मुदतीनंतरही डीफॉल्टने 24 तास त्या पत्त्यावर नजर ठेवतं आणि पैसे आले तर उशिरा आल्याची नोंद करतं. ती नोंद ज्या ऑर्डरची आहे तिथे पोचली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक जुन्याही लिंकवर भरतं, नव्याही लिंकवर भरतं आणि परताव्याचा मेल तुम्हाला येतो. नवा इनव्हॉइस काढण्याआधी जुन्यांपैकी एखादा ‘प्रोसेसिंग’मध्ये, म्हणजे पैसे आलेत पण पक्के व्हायचेत अशा स्थितीत, आहे का ते बघा. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, पण कधी तासभरही लागतो. तेवढ्यात घाबरलेला माणूस पुन्हा बटण दाबतोच.

अपुऱ्या पेमेंटचं मी आपोआप काही करत नाही. एक्स्चेंज पाठवताना स्वतःचं शुल्क कापून घेतं आणि आपल्याकडे थोडे कमी पोचतात. दोन-चार रुपयांचा फरक असेल तर सहनमर्यादेच्या सेटिंगमध्ये बसवा, मोठा असेल तर टूलने थांबून माणसाला विचारावं.

वेबहुकची (काही घडलं की बीटीसीपे तुमच्या टूलला आपोआप पाठवतं त्या निरोपाची) सही मूळ मजकुरावर तपासा. त्यातला जेसन (माहितीचा ठरावीक मजकूर-साचा) वाचून पुन्हा लिहिलात तर ती जुळणार नाही. तोच वेबहुक दोनदा येतो, उलट्या क्रमानेही येतो. आला की मी फक्त इनव्हॉइसची सद्यस्थिती एपीआयकडून मागवतो आणि तीच खरी धरतो.

विचारलं नाहीत, तरी सांगतो. जीएसटीत सेवेची निर्यात ठरायला पैसे परिवर्तनीय परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँक परवानगी देते तिथे रुपयात यावे लागतात. क्रिप्टो यात बसत नाही. शिवाय 2022 पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आणि हस्तांतरावर 1 टक्का टीडीएस आहेच. टूल लाइव्ह करण्याआधी सीएकडे चक्कर मारा.

आज रात्री क्रॉन बंद करा. आतापर्यंत किती पत्ते निघालेत ते मोजा, वॉलेटचं गॅप लिमिट त्याच्या वर न्या आणि मग निवांत कोड लिहायला बसा. मेलमधलं ‘ही लिंक 15 मिनिटांत बंद होईल’ हे वाक्यही काढा. त्या जागी ‘बटण दाबल्यावर बिटकॉइनचा भाव 15 मिनिटांसाठी पक्का राहील’ असं लिहा.