डॉलर रोज वाढतोय, परदेशी कॅमेरा आत्ता घ्यावा की थांबावं?

तुम्ही विचारलंय की परदेशी बनावटीचा कॅमेरा आणि लेन्स घ्यायची आहे, डॉलर चढतोय, तर लगेच घेऊन टाकावं की दर उतरेपर्यंत थांबावं. मी सुरुवात डॉलरपासून करणार नाही. आधी सांगा, तो कॅमेरा आत्ता आहे कुठे? माल देशात येऊन आयातदाराच्या गोदामात पडला असेल, तर त्याचे पैसे बहुधा जुन्या दरानेच चुकते झालेत. परदेशातून थेट मागवणार असाल, तर आजचा दर सरळ तुमच्या खिशातून जाणार.

आयात मालाची खरेदी हे माझं रोजचं काम. ऑर्डर देताना काही रक्कम आगाऊ जाते, उरलेली माल जहाजावर चढल्यावर, कागदपत्रांच्या बदल्यात. मग समुद्रातले आठवडे, कस्टम्स, गोदाम, वितरक. त्यामुळे दुकानातल्या किमतीत कित्येकदा काही महिन्यांपूर्वीचा दर असतो. शिवाय बरेच आयातदार बँकेशी फॉरवर्ड करार करून पुढच्या तारखेचा दर आधीच बांधून घेतात, म्हणजे झळ आणखी उशिरा लागते.

हा उशीर किती मोठा असू शकतो ते ब्रिटनमध्ये दिसलं. जून 2016 मधल्या ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या मतदानानंतर पौंड एका दिवसात डॉलरसमोर सुमारे 8 टक्क्यांनी कोसळला. ॲपलने तिथल्या मॅकच्या किमती वाढवल्या त्या ऑक्टोबरमध्ये, नवी मॉडेल्स आणताना. आणि ग्राहक महागाईने 3.1 टक्क्यांचा कळस गाठला तो थेट नोव्हेंबर 2017 मध्ये. पण दर वेळी नव्या मॉडेलची वाट पाहिली जाईलच असं नाही. येन घसरत गेला तेव्हा जुलै 2022 मध्ये जपानात चालू मॉडेलच्या आयफोनच्याच किमती वाढल्या.

म्हणून आपलं चलन नुकतंच घसरलं असेल आणि वस्तू खरंच हवी असेल, तर गोदामात असलेला माल घेऊन टाका. दुकानदाराला मोकळेपणाने विचारा, "हा जुन्या खेपेतला आहे का, पुढची खेप कधी येतेय?" उलट चलन नुकतंच वधारलं असेल आणि घाई नसेल, तर पुढच्या खेपेपर्यंत थांबायला हरकत नाही. मात्र किमती चढतात तितक्या चटकन उतरत नाहीत, महाग दराने भरलेला माल आधी खपवायचा असतो.

थेट मागवताना हिशेब वेगळा होतो. समजा वस्तू 1,000 डॉलरची आहे आणि आयात शुल्क 20 टक्के. डॉलर 5 टक्क्यांनी महागला तर तुमच्या चलनातली वाढ 1,000 वर नाही, शुल्क धरून 1,200 वर बसते. म्हणजे जुन्या दराने 50 नव्हे, 60 डॉलरइतकी. दुकानात मात्र भाडं, पगार, विक्रेत्याचा नफा हे सगळं स्थानिक चलनात असतं, त्यामुळे तिथली वाढ सहसा 5 टक्क्यांपेक्षा कमीच राहते.

कॅमेरा जपानी आहे म्हणून येनकडे डोळे लावूनही उपयोग होईलच असं नाही. कित्येक देशांमधला व्यापार डॉलरमध्येच चालतो, मग विकणारा आणि घेणारा दोघेही अमेरिकेबाहेरचे का असेनात. बिल कुठल्या चलनात फाटतं, त्याच चलनाचा दर महत्त्वाचा.

आणि "दर उतरेपर्यंत थांबू" याबद्दल. रिचर्ड मीस आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी 1983 मध्ये दाखवून दिलं की काही महिन्यांच्या अंदाजात विनिमय दराचा अंदाज बांधणारी त्या काळची नावाजलेली गणिती मॉडेल्स "आजचा दर तोच उद्याचा" या साध्या अंदाजालाही हरवू शकत नव्हती. तेव्हा पुढच्या महिन्यात दर उतरेल असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्या भरवशावर खरेदी अडवून ठेवू नका. कॅमेऱ्यावर तुमचं काम अवलंबून असेल तर थांबण्यात बुडणारी कमाई दरातल्या फरकापेक्षा सहज मोठी ठरेल. दोन्ही वस्तू एकदम लागत नसतील तर कॅमेरा आत्ता आणि लेन्स नंतर घ्या, निदान सगळी रक्कम एकाच दिवसाच्या दरात अडकणार नाही.

कार्डाने परदेशी साइटवर पैसे भरताना "तुमच्या चलनात भरा" असा पर्याय आला तर शक्यतो टाळा, त्यात रूपांतराचा दर सहसा महाग असतो. विक्रेत्याच्या चलनात भरा, पण कार्डाचं परकीय चलन शुल्क आधी तपासा. वस्तू परत केली तर रिफंड बहुतेक वेळा त्या दिवसाच्या दराने येतो, भरलेल्या दराने नाही.