प्रायोजकाचे पैसे आणि संघटनेचे नाव

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

आपल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या जिल्हा शाखेच्या सचिवपदी तुझी निवड झाल्याचे कळले आणि आनंद झाला. वार्षिक परिषदेसाठी प्रायोजकांकडून आलेले तीन प्रस्ताव तू पत्रासोबत जोडले आहेस आणि ‘यांतला कोणता घ्यावा’ असे विचारले आहेस. उत्तर थोडे लांबणार आहे, कारण तिन्ही प्रस्तावांतले पैसे दिसायला सारखे असले तरी त्यांच्या मोबदल्यात मागितलेली वस्तू अगदी वेगवेगळी आहे, आणि सचिवाने रकमेचा आकडा वाचण्याआधी ती वस्तू कोणती हे पाहायचे असते.

सर्वांत मोठी रक्कम पौष्टिक पेय बनवणाऱ्या कंपनीची आहे. परिषदेचा सगळा खर्च ती उचलणार आणि त्या बदल्यात डब्यावर आपले बोधचिन्ह आणि ‘संघटनेने शिफारस केलेले’ ही ओळ छापणार. हा प्रस्ताव नाकारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये औषध कंपन्यांशी असलेल्या संबंधांविषयी जे कलम आले, त्यानुसार डॉक्टरला कोणत्याही औषधाची किंवा उत्पादनाची जाहीर शिफारस करता येत नाही. ते कलम मुळात डॉक्टरांच्या संघटनांनाही लागू होते. फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने ‘डॉक्टरांच्या व्यावसायिक संघटना’ हे शब्द त्यातून वगळण्यात आले. त्यामुळे ‘नियम व्यक्तीला आहे, शाखेला नाही’ असा युक्तिवाद तुला बैठकीत ऐकावा लागेल, आणि कायद्याच्या अक्षरापुरता तो खोटाही नाही. परंतु जे एकट्याने केले तर गैरवर्तन ठरते, तेच अडीचशे जणांनी मिळून ठराव करून केले की उपक्रम ठरते, हे मला कधीच पटलेले नाही.

हा प्रश्न नवा नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनने २००८ मध्ये पेप्सिकोशी करार करून ट्रॉपिकाना रस आणि क्वेकर ओट्स यांच्या वेष्टनांवर आपले बोधचिन्ह वापरू दिले होते. त्यावर वैद्यक परिषदेपर्यंत तक्रारी गेल्या आणि २०१० मध्ये परिषदेने पदाधिकाऱ्यांवर कारवाईचा निर्णय घेतला. त्याआधी अमेरिकेत यापेक्षा महाग धडा मिळाला होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने सनबीम या कंपनीशी पाच वर्षांचा करार जाहीर केला. रक्तदाब मोजण्याची यंत्रे, थर्मामीटर, शेकण्याच्या पट्ट्या अशा घरगुती वस्तूंवर संघटनेचे नाव येणार होते आणि विक्रीतला वाटा संघटनेला मिळणार होता. त्या वस्तूंची चाचणी मात्र संघटना करणार नव्हती. सभासदांनीच गहजब केल्यावर संघटनेने माघार घेतली, कंपनी न्यायालयात गेली आणि १९९८ मध्ये ९९ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावे लागले. या प्रकरणामुळेच कंपन्यांशी कोणते संबंध ठेवावेत याची नियमावली तिथे गांभीर्याने तयार झाली.

यातली चाचणीची बाब नीट लक्षात घे. डब्यावरचे बोधचिन्ह पाहणारा रुग्ण असेच समजतो की डॉक्टरांनी हे तपासून पाहिले आहे. आपल्या शाखेकडे प्रयोगशाळा नाही, त्या पेयातल्या साखरेचे प्रमाण कुणी मोजलेले नाही, आणि आपले अर्धे सभासद तर रोज मधुमेही रुग्णांना असली पेये टाळायला सांगतात.

दुसरा प्रस्ताव औषध कंपनीचा, ‘प्लॅटिनम प्रायोजक’ या नावाखाली आलेला. इथे माझे उत्तर ‘होय, पण’ असे आहे. कंपनीकडून एक रुपयाही घेऊ नये असे म्हणणारे काही ज्येष्ठ मित्र मला आहेत. त्यांचा मी आदर करतो, पण सभागृहाचे भाडे त्यांच्या आदराने भरता येत नाही. स्टॉलची जागा विकावी, स्मरणिकेतले जाहिरातीचे पान विकावे, प्रवेशद्वाराबाहेरचा फलक विकावा. हे सगळे उघड दिसते, आणि पाहणाऱ्याला ती जाहिरात आहे हे कळते. परंतु त्यांच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत तीन गोष्टी आहेत: जेवणाच्या वेळी वीस मिनिटांचे ‘शास्त्रीय सत्र’, त्यासाठी त्यांनी सुचवलेला वक्ता, आणि नोंदणी केलेल्या डॉक्टरांची मोबाइल क्रमांकांसह यादी. या तिन्ही गोष्टी विक्रीला नाहीत.

सत्राचे पाहा. मधुमेहाच्या नव्या औषधावर त्याच औषधाच्या कंपनीने निवडलेला वक्ता बोलणार आणि सभासदांना त्या सत्राचे क्रेडिट पॉइंट मिळणार. पाच वर्षांत तीस पॉइंट जमवल्याशिवाय महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, म्हणून सभासद येऊन बसतातच. म्हणजे श्रोते सक्तीने गोळा करून आपण ते कंपनीच्या हवाली करायचे. यावरचा साधा उपाय असा, की शास्त्रीय समितीने विषय, वक्ते आणि वेळापत्रक आधी निश्चित करून छापावे आणि प्रायोजकत्वाचे दरपत्रक त्यानंतरच बाहेर पडावे. शास्त्रीय समितीतला कुणीही निधी समितीत नसावा. वक्त्याने कोणत्या कंपन्यांकडून मानधन घेतले आहे हे पहिल्या स्लाइडवर सांगावे आणि औषधांची मूळ नावे वापरावीत, ब्रँडची नव्हे. कंपनीला स्वतःचा कार्यक्रम करायचाच असेल तर तो आपल्या वेळापत्रकाबाहेर, तिच्या नावाने, पॉइंटशिवाय करावा. किती जण थांबतात ते आपोआप दिसेल.

सभासदांची यादी देण्याचा प्रश्नच नाही. आपले क्रमांक त्यांनी संघटनेला दिले आहेत, कंपनीला नाही, आणि आता व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आहे. स्टॉलवर बिल्ल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून घेतात, त्याकडेही लक्ष ठेव. हीच यादी तिथे मागच्या दाराने जाते.

पैसे कसे येतात, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘मॅडम, तुम्ही पावतीची कटकट करू नका, हॉटेलचे बिल आम्ही परस्पर भरतो’ असे एरिया मॅनेजर मोठ्या आपुलकीने सांगेल. हे ‘परस्पर’ कधीही मान्य करू नकोस. ज्या खर्चाची नोंद संघटनेच्या वहीत नाही, त्याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या लेखापरीक्षण अहवालात येत नाही, वार्षिक सभेत त्यावर कुणी प्रश्न विचारू शकत नाही, आणि नेमक्या त्याच खर्चातून कुणाच्या तरी पत्नीचे विमानाचे तिकीट निघते. सगळी रक्कम धनादेशाने किंवा थेट बँकेत, संघटनेच्या नावाने, बिल देऊनच घ्यावी. जीएसटी आणि करकपातीचे नियम वर्षागणिक बदलतात, ते सनदी लेखापालाला आधी विचार, परिषद झाल्यावर नव्हे.

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने औषध विपणनाची एकसमान संहिता आणली. ती तुझ्या टेबलावर असू दे. वक्ता वगळता कोणत्याही डॉक्टरच्या प्रवासाचा किंवा हॉटेलातल्या मुक्कामाचा खर्च कंपनीने करू नये, परदेशात असे कार्यक्रम घेऊ नयेत, आणि कार्यक्रमांवर केलेला खर्च कंपनीने जाहीर करावा, असे ती सांगते. त्याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च कंपनीला प्राप्तिकरात वजा करता येणार नाही, असा निर्णय दिला. कंपनी स्वतःचे खर्च जाहीर करणारच असेल, तर ते सभासदांना आपल्या वार्षिक अहवालातून आधी कळलेले बरे.

तिसरा प्रस्ताव तपासणी केंद्राच्या साखळीचा आहे. मोफत शिबिर त्यांचे, आणि पुढच्या तपासण्यांसाठी चिठ्ठ्या आपल्या सभासदांच्या. रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात घेतलेल्या कमिशनला आचारसंहितेत मुळातच बंदी आहे आणि शिबिराचे रूप दिल्याने तिचा स्वभाव बदलत नाही. आभार मानून परत पाठव.

बालरोगतज्ज्ञांबरोबर संयुक्त सत्र घेण्याचा विचार तू लिहिला आहेस, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. शिशुदुग्ध पर्यायांविषयीचा १९९२ चा कायदा २००३ मध्ये अधिक कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी दुधाची भुकटी किंवा आहार बनवणाऱ्यांनी आरोग्यसेवकांच्या संघटनेला परिसंवाद, परिषद, शिष्यवृत्ती किंवा संशोधनासाठी पैसे देणे त्या कायद्याने निषिद्ध आहे. इथे ‘होय, पण’ला जागा नाही. कंपनीची दुसरी उत्पादने पुढे करून कुणी आले तरी तिची बाळांच्या आहाराची शाखा आहे का, हे आधी तपास.

आता जरा कटू बोलतो. तुझे अंदाजपत्रक मी वाचले. त्यात शास्त्रीय कार्यक्रमापेक्षा संध्याकाळच्या बँक्वेटवर, गायकाच्या कार्यक्रमावर आणि किट बॅगवर जास्त खर्च दाखवला आहे. प्रायोजकाचे वजन आपल्यावर किती पडणार, हे बरेचसे आपला जेवणाचा मेनू ठरवतो. दीड दिवसाची परिषद वैद्यकीय महाविद्यालयाच्या सभागृहात घेतली, पिठले-भाकरीचे नाही तरी साधे जेवण ठेवले आणि नोंदणी शुल्क थोडे वाढवले, तर पहिल्या प्रस्तावाची गरजच उरत नाही. सभासद कुरकुर करतील. स्वतःच्या शिक्षणासाठी स्वतः पैसे मोजायची सवय आपल्या व्यवसायाला फारशी राहिलेली नाही, याची मला खरोखर लाज वाटते. कोणत्याही एका प्रायोजकाचा वाटा एकूण जमेच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नसावा, अशी मर्यादा मी सुचवीन. एकाने ऐन वेळी हात काढून घेतला तरी परिषद पार पडली पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशेब आहे.

कार्यकारिणीतले दोघे-तिघे त्या औषध कंपनीचे मानधन घेणारे वक्ते आहेत, हे तुलाही ठाऊक आहे. त्यांच्यावर आरोप करू नकोस. प्रत्येकाने आपले संबंध लेखी सांगावेत आणि संबंधित विषयावर मत देताना बाहेर थांबावे, असा सर्वांना लागू होणारा ठराव मांड. तो तू कनिष्ठ म्हणून मांडलास तर उद्धटपणा ठरेल, म्हणून अध्यक्षांकडून मांडून घे. करारात काम, रक्कम, मुदत, बोधचिन्ह न वापरण्याची अट आणि अट मोडल्यास करार रद्द करण्याचा आपला हक्क एवढे स्पष्ट असले की पुरे. मसुदा मला पाठवलास तर पाहून देईन.

पेयाच्या कंपनीला नकाराचे पत्र मात्र बैठकीची वाट न पाहता, अध्यक्षांच्या संमतीने याच आठवड्यात पाठव. उशीर झाला तर तेवढ्या अवधीत त्यांचे लोक दोन माजी अध्यक्षांच्या घरी जाऊन चहा घेतील, आणि मग नकार कंपनीला नव्हे, त्या दोघांना द्यावा लागेल.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक माजी सचिव